खड्ड्यात गेल्या गाड्या!

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात एक म्युझियम आहे. तिथे फक्त एकाच गाडीचा संसार मांडलाय. चार तास तिथे फिरलं, की एक साधा प्रश्न डोकं खायला लागतो : 'ओरिजिनल' म्हणजे नक्की काय हो?

ती क्लिप कदाचित तुम्हीही पाहिली असेल. सीसीटीव्हीचं फुटेज आहे. मोठा हॉल, चकाचक फरशी आणि ऐटीत उभ्या असलेल्या स्पोर्ट्‌स कार्स. माणूस एकही नाही. आणि मग काही कळायच्या आत जमीन खचते. एक गाडी आत जाते, मागोमाग दुसरी. धुरळा उडतो आणि उरतो तो भला मोठा काळा खड्डा.

तारीख १२ फेब्रुवारी २०१४. पहाटे साडेपाच-पावणेसहाची वेळ. ठिकाण, नॅशनल कॉर्व्हेट म्युझियम, बोलिंग ग्रीन, केंटकी. त्या पहाटे तब्बल आठ शेवरोले कॉर्व्हेट जमिनीच्या पोटात गेल्या. नशीब असं, की त्या वेळी हॉलमध्ये कुणीच नव्हतं, त्यामुळे कुणाला साधं खरचटलंही नाही. अपघाताच्या बातम्या आपण रोज वाचतो, पण उभ्या गाडीला गिळणारी जमीन? ही क्लिप जगभर फिरली नसती तरच नवल.

माझा आतेभाऊ नॅशव्हिलला असतो. तिथून बोलिंग ग्रीन गाडीने तासाभरावर. त्यामुळे अमेरिकेची ट्रिप ठरली तेव्हा मी त्याला फोनवरच सांगून टाकलं, "दादा, मला तो खड्डा बघायचाय."

"अगं, लोक इथे येऊन नायगारा बघतात," तो म्हणाला. "आणि तुला खड्डा बघायचाय? मुंबईत संपले का?"

पिवळा शंकू, लाल सुळका

नॅशव्हिलहून आय-६५ हायवे पकडायचा आणि उत्तरेला सुटायचं. टेनेसी कधी संपतं आणि केंटकी कधी सुरू होतं ते पाटी वाचली तरच कळतं. दोन्हीकडे हिरवी कुरणं, लाकडी कुंपणं, मध्येच एखादं चर्च. आणि मग एक्झिट नंबर २८ जवळ आला, की अचानक झाडांच्या वर एक पिवळाधम्मक शंकू दिसतो, त्याला भोसकून वर आलेला लाल सुळका. आपल्याकडे असतं तर लोकांनी याला नक्कीच 'समोसा' म्हटलं असतं! या शंकूचं नाव स्कायडोम. खड्डा पडला तो इथेच.

बोलिंग ग्रीन हे सत्तरेक हजार वस्तीचं शहर. विद्यापीठ आहे, बाजारपेठ आहे, पण जगाला हे गाव माहीत आहे ते एकाच गोष्टीसाठी. १९८१ पासून जगातली प्रत्येक नवी कॉर्व्हेट इथल्याच कारखान्यातून बाहेर पडते. म्युझियम १९९४ मध्ये आलं, कारखान्याच्या अगदी शेजारी. माहेराच्या दारात सासर म्हणा ना! नव्या गाडीची डिलिव्हरी थेट म्युझियममध्ये घ्यायची सोयसुद्धा आहे. पैसे मोजून लोक ती घेतातही.

आता जमीन का खचली? हा सगळा भाग चुनखडीच्या दगडाचा. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते हजारो वर्षं झिरपत राहतं आणि दगड आतून विरघळत जातो. खाली गुहा तयार होतात. एक दिवस वरचं छत पेलवत नाही आणि बसतं. जगातली सर्वांत लांब ज्ञात गुहा, मॅमथ केव्ह, इथून फार दूर नाही. तिची मोजलेली लांबी सहाशे किलोमीटरच्याही वर आहे. म्हणजे ज्या मातीने या गावाला टुरिस्ट दिले, तिनेच गाड्याही घेतल्या.

एकच गाडी, सत्तर वर्षं

'एकाच मॉडेलचं अख्खं म्युझियम? बोअर नाही होणार?' असं मलाही आत जाण्याआधी वाटत होतं. नाही झालं.

गोष्ट सुरू होते जानेवारी १९५३ मध्ये. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे एक छोटी, पांढरी, टप नसलेली दोन सीटांची गाडी ठेवली होती. लोकांना ती इतकी आवडली की त्याच वर्षी जूनच्या शेवटी फ्लिंट शहरात तिचं उत्पादन सुरू झालं. त्या वर्षी गाड्या किती बनल्या? फक्त ३००. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांची आतली सीट लाल. चॉइस नावाची भानगडच नाही. बॉडी पत्र्याची नव्हे, फायबरग्लासची. ते तंत्र कामगारांनाही नवं होतं, त्यामुळे बरंचसं काम हातानं, बसवून बघत बघत झालं.

गंमत म्हणजे या 'स्पोर्ट्‌स कार'चं इंजिन सहा सिलिंडरचं आणि गिअरबॉक्स दोन गिअरचा ऑटोमॅटिक होता. दिसायला वाघ, चालायला गोगलगाय! गाडी जवळपास बंदच पडायची होती. १९५५ मध्ये तिला व्ही-८ इंजिन मिळालं आणि झोरा आर्कस-डंटोव्ह नावाच्या इंजिनिअरने तिला हळूहळू खरीखुरी रेसर बनवलं. तेव्हापासून आजतागायत ती बनतेच आहे. २०२० च्या मॉडेलपासून तर इंजिन पुढून उचलून ड्रायव्हरच्या पाठीमागे गेलं.

पण माझी पावलं अडकली ती १९६३ च्या स्टिंग रे कूपेपाशी. हिच्या मागच्या काचेचे दोन भाग आहेत, मधोमध एक उभा कणा. डिझाइनचा बॉस बिल मिचेल या कण्यावर फिदा होता. डंटोव्ह वैतागला होता, कारण त्यामुळे मागचं धड दिसत नाही. पुढच्याच वर्षी कणा गेला आणि एकसंध काच आली. म्हणजे दुभंगलेल्या काचेची कॉर्व्हेट फक्त एका वर्षाची, १०,५९४ गाड्या.

आता ऐका. साठच्या दशकात काही मालकांना वाटलं, आपली गाडी जुन्या मॉडेलची दिसते. त्यांनी चक्क करवत लावली, मधला कणा कापला आणि १९६४ ची सलग काच बसवली. लेटेस्ट लूक! आज त्याच कण्यामुळे ही गाडी कलेक्टर लोकांना वेड लावते. आपल्या वाड्याचे सागवानी खांब विकून ग्रॅनाइट बसवणाऱ्या काका लोकांची आठवण झाली ना? मला झाली.

छत्तीस गुण नव्हे, साडेचार हजार!

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या जगात एक शब्दप्रयोग सतत कानावर पडतो : 'नंबर्स मॅचिंग'. आपल्याकडे पत्रिका जुळवतात, तसाच प्रकार. गाडी आणि तिचं इंजिन एकमेकांसाठीच जन्माला आले होते का, हे बघायचं.

कसं बघतात? इंजिनचा ब्लॉक ओततानाच त्यावर तारखेचा कोड उमटलेला असतो. समजा, १९६७ च्या गाडीच्या ब्लॉकवर 'सी १४ ७' असं दिसलं. सी म्हणजे इंग्रजी बाराखडीतलं तिसरं अक्षर, म्हणून मार्च. १४ ही तारीख आणि ७ म्हणजे १९६७. मग ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, उजव्या सिलिंडर हेडच्या समोर एक छोटीशी सपाट पट्टी असते. तिच्यावर दुसरा शिक्का : 'व्ही ०३२१'. म्हणजे फ्लिंटच्या कारखान्यात २१ मार्चला इंजिन जुळवलं. त्या शेजारी गाडीच्या सिरियल नंबरचे शेवटचे आकडे. हे आकडे गाडीच्या नंबरप्लेटीशी नव्हे, तर कंपनीने चासीला दिलेल्या नंबराशी जुळले पाहिजेत.

शिवाय तारखांचा क्रम बरोबर हवा. आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जुळलं, मग सेंट लुईच्या कारखान्यात गाडी बनली. गाडी एप्रिलची आणि ब्लॉक जूनचा निघाला, तर लग्नाच्या अल्बममध्ये नातवंडं दिसावीत तसा प्रकार! समजायचं, इंजिन नंतर बदललंय.

हा सगळा खटाटोप कशासाठी? पैशासाठी, अर्थात. १९६७ मध्ये कॉर्व्हेटला 'एल-८८' नावाचं रेसिंगचं इंजिन मिळायचं. असल्या गाड्या त्या वर्षी फक्त २० बनल्या. त्यातली एक जानेवारी २०१४ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या लिलावात ३८ लाख ५० हजार डॉलरला गेली. इतका पैसा म्हटला की चोरवाटा आल्याच. साध्या गाडीच्या इंजिनवरचे जुने आकडे घासून नवे ठोकणारे बहाद्दरही आले. मग त्यांना पकडणारेही तयार झाले. कारखान्यात ब्लॉकचा पृष्ठभाग मशीनवर तासला जायचा, त्याच्या बारीक समांतर रेघा राहायच्या. आकडे घासले की रेघाही जातात. जाणकार माणूस आधी आकडे वाचतच नाही, तो भिंग घेऊन रेघा बघतो.

आणखी एक पुरावा तर धमाल आहे. १९६७ पासून कॉर्व्हेटच्या पेट्रोलच्या टाकीवर कारखान्यात एक कागद चिकटवलेला असायचा. गाडीत कोणकोणते पार्ट्‌स घालायचे त्याची यादी. काम झालं, कागद तिथेच राहिला. आज लोक टाकी उतरवून त्या मळक्या, फाटक्या कागदाचा शोध घेतात. सापडला की जणू दागिना सापडला. कारखान्याच्या दृष्टीने ती फक्त कामाची चिठ्ठी होती!

कॉर्व्हेटच्या परीक्षेसाठी १९७४ पासून नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी आहे. त्यांचा पेपर साडेचार हजार मार्कांचा. ९४ टक्क्यांच्या वर मिळाले तर 'टॉप फ्लाइट'. दहावीचा मेरिटचा ताण आठवतोय? इथे साठी ओलांडलेली माणसं तो हौसेनं घेतात. परीक्षक स्क्रूच्या डोक्यापासून होजपाइपवरच्या छापापर्यंत सगळं तपासतात.

यातली सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे गाडी चकाचक असून चालत नाही. कसोटी एकच : कारखान्यातून बाहेर पडताना ती जशी होती तशी हवी. त्या काळच्या कारखान्यात चासीवर रंगाचे ओघळ यायचे, नको तिथे फवारा उडायचा, तपासनीस खडूनं खुणा करायचे. तर ते ओघळ आणि खडूच्या खुणाही हव्यात! उगाच आरशासारखा रंग मारलात की मार्क कापले. कारखान्याने केलेला ढिसाळपणा आज कारागीर आठवडाभर खपून अगदी तस्साच करतात. आधी हसू आलं. मग वाटलं, यात एक प्रामाणिकपणाही आहे. गाडी खरी जशी होती, तिचे दोष धरून, तशी बघायची.

टिकवायची कशी?

ओरिजिनल ठेवायचं म्हटलं तर ठीक, पण गाडी ही काही पैठणी नाही, की डांबरगोळ्या घालून कपाटात ठेवली. ती चालली नाही तर जास्त लवकर मरते. रबरी सील सुकतात, ब्रेकमध्ये गंज धरतो, टाकीतलं पेट्रोल चिकट होतं, उंदीर वायरिंग खातात.

फायबरग्लास गंजत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण १९६३ नंतरच्या गाड्यांत काचेभोवती आणि दारांभोवती पोलादी सांगाडा असतो. पाणी त्यात मुरतं. बाहेरून रंगरूप छान, आतून सांगाडा पोखरलेला. विकत घेताना अनेकजण फसतात ते इथे.

पेट्रोलचं दुखणं वेगळंच. अमेरिकेत पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरचे पार्ट्‌स ते सोसत नाहीत, कारण ते बनले तेव्हा असं पेट्रोल नव्हतंच. इंजिन ऑइलचं तसंच. आजच्या ऑइलमध्ये झिंकचं प्रमाण कमी केलंय, कारण ते नव्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक. पण जुन्या इंजिनाच्या कॅमशाफ्टला तेच झिंक लागतं. त्यामुळे जुन्या गाडीचं ऑइल वेगळं निवडावं लागतं. आजोबांचं पथ्य, दुसरं काय!

आणि मग येते खरी कसोटी. १९६५ पासून कॉर्व्हेटला चारही चाकांना डिस्क ब्रेक आले. पण त्या ब्रेकच्या कॅलिपरमध्ये आतून गंज धरायचा आणि तेल गळायचं. उपाय म्हणजे आतलं सिलिंडर स्टीलच्या नळीनं मढवायचं. बाहेरून कॅलिपर तोच, जुना, ओरिजिनल. आत नवा धातू. परीक्षकाला दिसत नाही आणि गाडी वेळेवर थांबते. हे चालेल का? बहुतेकजण म्हणतात, चालेल. जीव आहे तर ओरिजिनल आहे.

टायरांवर तर दोन संसार चालतात. त्या काळच्या धाटणीचे टायर आजही नव्यानं बनवून मिळतात. स्पर्धेसाठी ते घालायचे, आणि हायवेवर जायचं असेल तर आजचे रेडियल. रंगाचं मात्र सोपं नाही. १९८१ मध्ये सेंट लुईचा कारखाना बंद होईपर्यंत कॉर्व्हेटला लॅकर रंग असायचा. तो कालांतरानं बारीक तडकतो. पुसून नवा मारला, तर गाडी सुंदर दिसते आणि कारखान्याचा रंग कायमचा जातो. या लोकांत एक म्हण आहे, गाडी ओरिजिनल एकदाच असते. म्हणून आता तडकलेला, विटलेला, पण पहिलाच रंग असलेल्या गाड्यांचं कौतुक वाढलंय. अशा गाड्यांना 'सर्व्हायव्हर' म्हणतात.

सह्यांची गाडी

हे सगळं डोक्यात घेऊन मी अखेर स्कायडोममध्ये पोचले. खड्डा आता नाही. काही भाग उघडा ठेवायचा विचार होता, पण खर्च फार होता, म्हणून तो बुजवला. फरशीवर त्याची कड रेघांनी दाखवली आहे आणि एका मॅनहोलमधून खाली डोकावता येतं. आपल्या पायाखाली नुसती पोकळी होती, हे रेघ ओलांडताना जाणवतं. पाऊल नकळत हळू पडतं.

आठांपैकी पहिली गाडी मार्च २०१४ मध्ये क्रेननं वर काढली. २००९ ची निळी झेडआर-१, टोपणनाव 'ब्लू डेव्हिल'. चावी फिरवली आणि ती चक्क सुरू झाली! स्वतःच्या चाकांवर बाहेर आली. ती काही महिन्यांत दुरुस्त झाली. बाकीच्यांचं नशीब इतकं बलवत्तर नव्हतं.

माझी आवडती गोष्ट आहे ती दहा लाखाव्या कॉर्व्हेटची. २ जुलै १९९२ ला इथल्याच कारखान्यात ती बनली. पहिल्या १९५३ च्या गाडीची आठवण म्हणून पांढरी, आत लाल. लाइनवरून ती पुढे सरकत असताना कामगारांनी तिच्या पार्ट्‌सवर आपापल्या सह्या केल्या. कुठे? आतून. जिथे गालिचा येणार, जिथे पॅनेल बसणार, तिथे. गाडी पूर्ण झाली आणि सह्या झाकल्या गेल्या.

बावीस वर्षांनी ती खड्ड्यात पडली आणि चेपली. जनरल मोटर्सने ती मिशिगनमधल्या वॉरेनच्या डिझाइन सेंटरला नेली. तिथे ती उघडत गेले, तशा सह्याच सह्या बाहेर येऊ लागल्या. मग कामाचा सगळा नूरच बदलला. एरवी मोडका पार्ट काढून नवा टाकणं सोपं. इथे प्रत्येक सही असलेला पार्ट वाचवायचा ठरला. पुढचे काही भाग नवे लागणारच होते, तर तेही आजच्या साच्यातले नको, म्हणून एका १९९३ च्या कॉर्व्हेटचे आणून लावले. सही असलेले फक्त दोन पार्ट वाचू शकले नाहीत. त्यांच्यावरच्या सह्या स्कॅन करून, त्यांचे स्टिकर बनवून नव्या पार्टवर चिकटवले. चार महिन्यांहून जास्त काम चाललं. सप्टेंबर २०१५ मध्ये गाडी परत आली.

काचेच्या आड नव्हे, समोरच उभी आहे ती. बाहेरून एकदम नवीकोरी. सह्या पुन्हा झाकलेल्या. त्या दिसत नाहीत, पण आहेत.

तिसरी दुरुस्त झालेली गाडी म्हणजे १९६२ ची काळी कॉर्व्हेट. ती म्युझियमने स्वतःच्याच वर्कशॉपमध्ये केली. अपघाताला चार वर्षं झाली त्या दिवशी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, ती लोकांसमोर आली.

उरलेल्या पाच

आणि बाकीच्या पाच? त्या तशाच आहेत. चिरडलेल्या, फाटलेल्या, मातीसकट. पंधरा लाखावी कॉर्व्हेटही त्यांत आहे. तिलाही मान मोठा, पण ती दुरुस्त केली नाही. सगळ्यात शेवटी सापडलेली २००१ ची मॅलेट हॅमर बघताना तर ही गाडी होती हे आधी लक्षातच येत नाही. एखाद्यानं कागद चुरगळून टाकावा तशी.

सुरुवातीला आठही गाड्या दुरुस्त करायचं ठरलं होतं. नंतर विचार बदलला. दुरुस्त केल्या तर इतके पार्ट्‌स बदलावे लागतील, की जुनी गाडी उरणारच नाही. आणि जे घडलं त्याची खूणही पुसली जाईल. शिवाय लोक येत होते ते याच गाड्या बघायला. खड्ड्यानंतर म्युझियमची गर्दी उलट वाढली.

इथेच माझं आणि दादाचं वाजलं. कॉफी घेताना तो म्हणाला, "हे काय? इतका पैसा आहे, सगळ्या नीट करायला हव्या होत्या. गाडी म्हणजे गाडी असते, प्रेत मांडून ठेवायचं का?"

मी म्हटलं, "अरे, पण नीट करून काय उरलं असतं? नंबर एक, बाकी सगळं नवं."

"मग त्या काळ्या गाडीत तरी काय उरलंय?"

उत्तर द्यायला मला वेळ लागला. माझ्या मते फरक हा, की काळ्या गाडीत पुरेसं शिल्लक होतं. सांगाडा होता, आकार होता. दुरुस्ती म्हणजे जे आहे त्याला आधार देणं. जे नाहीच ते नव्यानं बनवलं, तर ती नक्कल. दादाला हे पटलं नाही. परतीच्या वाटेवरही तो मान हलवत होता.

कुर्ल्याचे फिटर

मला मात्र आमच्या आजोबांची आठवण येत होती. ते कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात फिटर होते.

अमेरिकन गाड्या आणि मुंबईचं नातं जुनं आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच शिवडीला कारखाना टाकला होता. पेट्यांतून सुटे भाग यायचे आणि शेवरोले इथे जोडली जायची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिथे कुर्ल्यात डॉज, प्लिमथ आणि डिसोटो बनू लागल्या. पुढे भारत सरकारने नियम केला, की नुसती जोडणी चालणार नाही, पार्ट्‌सही इथेच बनवा. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीचा गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली.

आता सांगा, डेट्रॉइटहून पेटीत आलेली आणि कुर्ल्याच्या हातांनी जोडलेली डॉज 'फॅक्टरी ओरिजिनल' कुठल्या फॅक्टरीची? त्या गाड्यांचं पुढे जे झालं ते तर कुठल्याही परीक्षकाला चक्कर आणेल. पार्ट मिळेनात, पेट्रोल परवडेना. मग टॅक्सीवाल्यांनी त्यात डिझेल इंजिनं बसवली. या गाडीचा एक्सल, त्या ट्रकचा पंप. साडेचार हजारांत चारशेही मिळाले नसते. पण त्या चालल्या, वर्षानुवर्षं चालल्या, आणि त्यांच्यावर कितीतरी घरं चालली. आजोबा म्हणायचे, गाडी उभी राहिली म्हणजे भंगार, चालते तोवर गाडी.

कुर्ल्याच्या गाड्यांवर सह्या करण्याची पद्धत होती की नाही, कोण जाणे. आजोबांनी तसं कधी सांगितलं नाही. पण त्या लाल गालिच्याखालच्या सह्यांमुळे मला पहिल्यांदा कळलं, की ओरिजिनल पार्टसाठी लोक का जीव टाकतात. बोल्ट महाग आहे म्हणून नाही. तो पहिल्यांदा कुणीतरी आवळलेला असतो म्हणून.

घरी गेल्यावर...

आपल्यातल्या किती जणांच्या घरी कॉर्व्हेट असणार? पण जिन्याखाली बाबांची बजाज चेतक असेल, गावाला प्रीमियर पद्मिनी असेल. तिला 'नवीन लूक' देण्याआधी दोन मिनिटं थांबा. काढलेला जुना पार्ट भंगारात देऊ नका, पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा. बोलिंग ग्रीनच्या पार्किंगमध्ये भेटलेल्या एका काकांनी त्यांच्या स्टिंगरेचं मूळ इंजिन असंच गॅरेजमध्ये जपून ठेवलंय, गाडी मात्र दुसऱ्या इंजिनावर रोज पळवतात! आरसी बुक, टूलकिट, मॅन्युअल, पहिलं बिल एकत्र ठेवा. रंग उडालाय? आधी नुसता स्वच्छ पुसून, पॉलिश करून बघा. आपल्याकडे आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय, तेव्हा रबरी पाइप आणि कार्ब्युरेटर एकदा तपासून घ्या. आणि महिन्यातून दोनदा तरी तिला फिरवून आणा.

बाबा अजून चालवत असतील तर त्यांनाच चालवू द्या. मागे बसा आणि ती कुठून, कशी घेतली ते विचारा. तेही लिहून ठेवा.

कसं जाल?

जवळचा मोठा विमानतळ नॅशव्हिल. तिथून आय-६५ नं उत्तरेला साधारण एक तास, एक्झिट २८. सार्वजनिक वाहतुकीच्या भरवशावर राहू नका, गाडी भाड्यानं घ्या. म्युझियमला किमान तीन-चार तास हवेत. शेजारच्या कारखान्यात टूर मिळते का, हे निघण्याआधी तपासा, कारण ती मध्ये मध्ये बंद असते. दुसरा दिवस हाताशी असेल तर मॅमथ केव्ह नॅशनल पार्क चुकवू नका. आत गारवा असतो, स्वेटर न्या. आणि एक, १९८३ ची कॉर्व्हेट जरूर बघा. त्या वर्षाचं मॉडेल विक्रीला आलंच नाही, चाचणीच्या गाड्या मोडीत काढल्या. वाचली ती एकच, आणि ती इथे आहे.